तिसरा बॉयलर

आमच्या गावात माणसाच्या कामाला नाव लागतं. सुतार, गवंडी, वायरमन, मास्तर, मुकादम. काम सुटलं तरी नाव सुटत नाही. आमच्या आळीतल्या एका म्हाताऱ्यानं एसटीची नोकरी सोडून वीस वर्षं झाली, तरी त्याचं घर अजून कंडक्टरचंच. सोसायटीचं कर्ज असो, लग्नाची बोलणी असोत, नाहीतर नुसतं पारावर टेकायचं असो, कोण काय करतो ते एका शब्दात सांगता आलं पाहिजे. माझं काम तीन अक्षरांत सांगता येत होतं, एसईओ. पण ती तीन अक्षरं गावात आधीच दुसऱ्याच्या नावावर होती.

एसईओ म्हणजे विशेष कार्यकारी अधिकारी. पुढाऱ्याच्या मागं इमानानं फिरलेल्या कार्यकर्त्याला हे पद मिळतं आणि पदाबरोबर शिक्का. झेरॉक्सवर तो शिक्का मारून सही केली की ती खरी प्रत ठरते. पुण्याहून गावी परतल्यावर पारावर कुणीतरी विचारलं आणि मी "एसईओचं काम करतो" म्हणालो. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला दारात तीन पोरं उभी. हातात दहावीच्या मार्कलिस्टच्या झेरॉक्स.

"दादा, सही पायजे हुती."

माझा एसईओ वेगळा, सर्च इंजिन ऑप्टिमायझेशनचा, हे समजवायला गेलो. एकानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग शिक्का न्हाई व्हय तुमच्याकडं?"

नव्हता. आजही नाही.

काम तसं अवघड नाही सांगायला. कुणाला काही हवं असतं, तो फोनवर चार शब्द टाकतो, आणि सर्च इंजिन त्याच्यापुढं दहा दुकानं मांडतं. ज्याचं दुकान खरोखर त्याच्या उपयोगाचं आहे, ते त्या दहांत दिसावं, यंत्राला ते वाचता यावं, आणि माणूस तिथं पोचल्यावर त्याला हवं ते मिळावं, एवढं बघणं हा माझा धंदा. नोकरी नाही. एखाद्या सुतारानं दहा घरांची आऊतं सांभाळावीत, तशी मी पाच-सहा गिऱ्हाइकांची पानं सांभाळतो.

शिकलो ते पुण्यात. २००९ साली बी.एस्सी. होऊन सिंहगड रोडवरच्या एका लहान कंपनीत लागलो. दुसऱ्या मजल्यावर चाळीस कॉम्प्युटर, खाली वडापावची गाडी. आम्हाला रोज ठरलेल्या संख्येनं लिंका लावायच्या असायच्या. म्हणजे काय, तर गिऱ्हाइकाच्या वेबसाइटकडं बोट दाखवणारे दुवे दुसऱ्या शे-दोनशे वेबसाइटांवर नेऊन चिकटवायचे.

यामागं एक चांगला विचार होता, तो सांगायला हवा. लॅरी पेज आणि सर्गी ब्रिन हे स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकत असताना त्यांनी पेजरँक नावाची पद्धत काढली आणि १९९८ साली गुगल कंपनी उभी राहिली. ही पद्धत आमच्या गावाला नवी नाही. मुलीला स्थळ आलं की बाप काय करतो? त्या गावात जाऊन चार जणांना विचारतो. पण चौघांचा शब्द सारखा नसतो. ज्याला स्वतःला दहा माणसं मानतात, त्याचा एक शब्द उंडगणाऱ्या पाच जणांना भारी पडतो. पेजरँकमध्ये एका पानानं दुसऱ्या पानाला दिलेला दुवा म्हणजे असाच शब्द टाकणं. कुणी शब्द टाकला आणि त्याची स्वतःची पत काय, या दोन्हीवरून पानाची किंमत ठरते.

आता पत मोजायला लागलं की पत विकत घेणारे येतातच. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीच्या आदल्या रात्री काय चालतं ते मी सांगायला नको. आमच्या कंपनीत दिवसाढवळ्या तेच चालायचं. २४ एप्रिल २०१२ रोजी गुगलनं पेंग्विन नावाचा बदल आणला आणि विकत घेतलेल्या, चिकटवलेल्या दुव्यांवर उभी असलेली पानं खाली घसरली. आमच्या मालकाची गिऱ्हाइकं एकेक करून गेली. दोन महिन्यांत चाळीसपैकी पंचवीस खुर्च्या रिकाम्या. त्यातली एक माझी.

आबांना एवढंच कळलं, की पोराची नोकरी गेली.

मी गावी आलो ते दुष्काळात. २०१२ ते १३ चा दुष्काळ सांगोल्यात ज्यानं बघितला त्याला वेगळं सांगायची गरज नाही. जनावरं चारा छावणीला, आई जनावरांबरोबर छावणीला. घरी आबा आणि मी. दोन एकर डाळिंब होतं, भगवा. ते आधी तेल्यानं धरलं, मग पाण्यावाचून वाळलं. आबांनी तीन बोअर मारले. पाणाड्या आणला होता. तळहातावर नारळ आडवा ठेवून तो रानातून फिरला, एका जागी नारळ उभा राहिला. तिथं चारशे फुटांपर्यंत नुसता धुरळा. दुसरा पाणाड्या कडुनिंबाची बेचकी घेऊन आला, तिथंही धुरळाच. तिसऱ्याचं सांगत नाही. सोसायटीचं कर्ज मात्र तिन्ही बोअरपेक्षा खोल गेलं.

अशा घरात लॅपटॉप घेऊन बसलेला सव्वीस वर्षांचा पोरगा कसा दिसत असेल याचा विचार करा.

त्या वेळी परदेशी कामं मिळवून देणारी ओडेस्क नावाची वेबसाइट होती, पुढं तिचं नाव अपवर्क झालं. तिच्यावर तासाच्या बोलीनं काम मिळायचं. गावात रेंज फक्त तात्यांच्या माळवदावर. डोंगलला लांब वायर जोडून तो मी बांबूच्या टोकाला बांधला आणि बांबू माळवदाच्या धाब्यात रोवला. वारं सुटलं की इंग्लंड तुटायचं. काम चालू असताना दर दहा मिनिटांत कधीतरी स्क्रीनचा आपोआप फोटो निघायचा, माणूस खरंच काम करतोय का हे बघायला. छावणीतून घरी आलेल्या आईला हे सांगितलं, तर ती म्हणाली, "मग ह्यो मुकादमच की. रोजगार हमीवर आमचा तरी जेवायला जायचा."

शेतीची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीचा आठवडा आला की आबा विहिरीच्या तळातलं तासाभराचं पाणी उपसायला बॅटरी घेऊन निघायचे, आणि मी माळवदावर चढायचो. तिकडं संध्याकाळचे पाच म्हणजे थंडीत आमचे साडेदहा. येताना आबा खालून वर बघायचे. बोलायचे काही नाहीत.

पहिलं धरून ठेवलेलं गिऱ्हाईक मिळालं ते लीड्सच्या बाजूचं. बाप-लेक, दोन गाड्या, धंदा घरोघरचे बॉयलर दुरुस्त करायचा. एका जेवणाला आबांनी विचारलं, "कुणाचं काम करतुयास?"

"बॉयलरवाल्याचं."

"कुठल्या कारखान्याचा?"

आमच्या भागात बॉयलर म्हणजे साखर कारखान्याचा. दसऱ्याच्या सुमाराला बॉयलर अग्निप्रदीपन होतं, चेअरमन नारळ फोडतात, पेपरात फोटो येतो. मी म्हणालो, "कारखान्याचा न्हाई, घरातला." तेवढ्यात तात्या आले होते, ते म्हणाले, "मग कोंबड्या म्हण की. बॉयलर कोंबड्या तिकडं बी पाळत्यात व्हय?"

म्हणजे एका शब्दाचे एका चुलीपुढं तीन बॉयलर झाले. एक ऊस खाणारा, एक खुराड्यातला, आणि एक माझा, इंग्लंडातल्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर टांगलेला, गॅसवर पाणी तापवून सगळं घर उबदार ठेवणारा. हे समजावून सांगितल्यावर आबा म्हणाले, "म्हंजी बंब."

बंबच. त्या एका शब्दानं मला माझा धंदा जेवढा समजला, तेवढा पुण्यात तीन वर्षांत समजला नव्हता. माणूस शब्द एक टाकतो आणि त्याच्या मनात वस्तू दुसरीच असते. सांगोल्यातून बॉयलर म्हणणाऱ्याला आणि लीड्समधून बॉयलर म्हणणाऱ्याला एकच उत्तर दिलं, तर दोघंही उपाशी. पारावर हे आपोआप कळतं, कारण बोलणाऱ्याचं तोंड दिसतं. हातात कोंबडी आहे की ऊस ते दिसतं. यंत्रापुढं फक्त शब्द असतो. मग तो शब्द कुठून आला, किती वाजता आला, त्याच्या आगेमागे दुसरे कुठले शब्द होते, यावरून माणूस ओळखायचा.

मी त्या बाप-लेकांच्या गावचे लोक काय काय विचारतात ते वहीत उतरवायला लागलो. दुरुस्तीवाला 'कन्डेन्सेट पाइप गोठणे' म्हणतो. लोक तसं म्हणत नाहीत. ते म्हणतात, बॉयलरमधून गुडगुड आवाज येतोय आणि गरम पाणी नाही. कडाक्याची थंडी पडली की बॉयलरमधून बाहेर पाणी टाकणारा बारका प्लास्टिकचा पाइप भिंतीबाहेर गोठतो, पाणी तुंबतं, बॉयलर स्वतःला बंद करून घेतो. त्यावर कोमट पाणी ओतलं की बऱ्याचदा काम भागतं. उकळतं ओतायचं नाही, पाइप तडकतो. हे मी मे महिन्यात लिहिलं. माळवद चटके देत होतं, डोक्यावर ओला पंचा होता, आणि मी लीड्सच्या बर्फात गोठलेला पाइप कसा सोडवायचा ते लिहीत होतो.

त्या बापाला ते पटलं नाही. फुकटात उपाय सांगितला तर मला बोलावणार कोण, असा त्याचा सवाल. सवाल रास्त होता. मी त्याला आमच्या तालुक्याच्या खतदुकानदाराची गोष्ट सांगितली. नाव नाही सांगत, पण पानावरचा डाग बघून तो कधीकधी "औषध नको, आठ दिवस थांब" म्हणतो. लोक पुढच्या वेळेला वाट वाकडी करून त्याच्याच दुकानात जातात. डिसेंबरात थंडी पडली. पाइपावर पाणी ओतून ज्यांचं भागलं, त्यांच्यातले काही जण वर्षाच्या तपासणीला त्यालाच बोलवायला लागले. ज्यांचं भागलं नाही, त्यांनी तर बोलावलंच.

या धंद्यात पाणाड्ये फार. 'एका महिन्यात पहिला नंबर, नाहीतर पैसे परत' असं लिहिणारे. वर येणार की नाही, किती दिवसांत, हे कुणीही छातीठोक सांगू शकत नाही. गुगलच्या स्वतःच्या माहितीपानावरच लिहिलेलं आहे, की पहिल्या क्रमांकाची हमी कुणीही देऊ शकत नाही. मी हमी देत नाही म्हणून हातची कामं गेली. आबांनी एकदा विचारलं, "तू सांगितल्यावर त्येला गिऱ्हाईक लागतंच का?" लागतंच असं नाही, म्हणालो. ते हसले. बऱ्याच दिवसांनी हसले होते. "मग तू बी पाणाड्याच की रं."

मी त्यांना फरक सांगितला. पाणाड्या नारळ फिरवतो आणि निघून जातो. मी आधी जुनी विहीर कुठं आहे ते बघतो, शेजाऱ्याला किती फुटांवर लागलं ते विचारतो, उतार बघतो. आणि बोअर मारायच्या आधी बघतो, की आहे त्याच नळाला कुठं बोळा बसलाय का. हे शेवटचं फार वेळा निघतं. बॉयलरवाल्यानं एका नोव्हेंबरात वेबसाइट नव्यानं करून घेतली आणि आठवडाभरात फोन बंद. तो घाबरला. मी पानाच्या आतला मजकूर उघडला. वेबसाइट तयार होईपर्यंत ती कुणाला दिसू नये म्हणून बनवणाऱ्यानं 'नोइंडेक्स' अशी एक खूण घातली होती, ती काढायची राहिली होती. आत दुकान मांडलेलं आणि दाराला बाहेरून कुलूप. खूण काढली, सर्च इंजिनला पानं पुन्हा वाचायला सांगितली, काही दिवसांत ती दिसायला लागली. मला वेळ लागला पंधरा मिनिटं. तासाच्या बोलीनं मला पाव तासाचे पैसे मिळणार होते, आणि त्याचा हंगाम वाचला होता. त्यानंतर मी तासाची बोली सोडली आणि महिन्याची धरली. दर दहा मिनिटांचा मुकादमही सुटला.

पैसे यायला लागले. पण घरात शिरेनात.

तालुक्याच्या बँकेत डॉलर आले की साहेब आत बोलवायचे. पैसे कशाचे, याचा एक सांकेतिक क्रमांक भरावा लागतो. तो कुठला, यावर एकदा दोन तास गेले. ते सोपं होतं. अवघड होते आबा. मी सोसायटीचं कर्ज भरायला निघालो, तर त्यांनी पासबुक ट्रंकेत घातलं आणि ट्रंकेवर बसले.

"कशाचं हैत ह्ये पैसं?"

"कामाचे."

"कुठल्या कामाचे? मला सांग. मी चेरमनला काय सांगू?"

त्यांचं चुकत होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही. काही वर्षांपूर्वी गावात साखळी योजना आली होती. एकानं दोघांना, दोघांनी चौघांना करायचं. टाय घातलेली पोरं, लॅपटॉप, डॉलरची भाषा. गावातली सतरा घरं त्यात धुऊन निघाली. ज्या पोरानं ती आणली त्याच्या बापाला नंतर पारावर कुणी चहा विचारला नाही. आबांना कर्जाची भीती नव्हती. कर्ज सगळ्या गावाला होतं. ज्या पैशाचं काम दाखवता येत नाही तो पैसा घरात घ्यायची भीती होती. दोन वर्षं माझे पैसे बँकेत आणि आबांचं कर्ज सोसायटीत, असे समोरासमोर बसून राहिले. व्याज दोन्हीकडं चढत होतं, अर्थात सारखं नव्हे.

लग्नाचंही त्याच दोरीवर अडकलं होतं. ते सविस्तर सांगण्यासारखं नाही. पाच ठिकाणी "नोकरी कुठं?" आणि सहाव्या ठिकाणी मुलीनंच विचारलं, "गिऱ्हाईक सुटलं तर किती महिने पुरेल एवढं बाजूला ठेवता?" हा प्रश्न मला तोवर बँकेनंही विचारला नव्हता. सहा महिन्यांचं, म्हणालो. लग्न झालं.

आबांचं कोडं सुटलं ते डॉलरनं नाही, डाळिंबाच्या रोपांनी.

५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओ सुरू झालं आणि वर्षभरात बांबू माळवदावरून खाली आला. ज्याच्या त्याच्या हातात फोन. आमच्या शेजारच्या गावात एक रोपवाटिका आहे, गुटी कलमाची डाळिंबाची रोपं विकणारी. मालकानं वेबसाइट केली होती. दिसायला झकास, पण वर्षात एक फोन नाही. मी बघितली तर पानावर एकही अक्षर नव्हतं. सगळी छापील जाहिरातपत्रकं, त्यांचे फोटो. माणसाला अक्षरं दिसतात, यंत्राला फोटो दिसतो. एका पानावर अक्षरं होती, तर ती डीटीपीवाल्याच्या जुन्या फॉन्टमधली. श्रीलिपी, किरण, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टांत वर मराठी दिसतं, पण आत भलतीच इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं साठवलेली असतात. यंत्र ती आतली वाचतं. मराठीत असं लाखमोलाचं लिखाण बाडात बांधल्यासारखं पडलं, ते युनिकोडमध्ये उतरवल्याशिवाय कुणाला सापडत नाही.

मी सगळं युनिकोडमध्ये नव्यानं लिहिलं. पण लिहायचं काय? कृषीच्या पुस्तकात 'जिवाणूजन्य करपा' असतं. शेतकरी 'तेल्या' म्हणतो, आणि ज्याला अजून तेल्याही ठाऊक नाही तो 'डाळिंबाच्या पानावर काळे ठिपके' असं टाकतो. कुणी 'ळिं' ऱ्हस्व लिहितो, कुणी दीर्घ. निम्मे लोक तर इंग्रजी अक्षरांत लिहितात, त्यात कुणी एम घालतो, कुणी एन. राजस्थान-गुजरातेतला माणूस 'अनार का पौधा' म्हणतो. रोपांचा भाव विचारायच्या आधी लोक विचारतात, एकरात किती झाडं बसतात. पंधरा बाय दहा फुटांवर साधारण २९०. मृग बहार धरायचा की हस्त की आंबे, हा प्रश्न ज्याच्या त्याच्या पाण्यावर. याची उत्तरं मी कुणाकडून घेतली? आबांकडून. रोज संध्याकाळी वही घेऊन बसायचो. त्यांना वाटायचं, पोराला शेवटी शेतीत रस आला.

नकाशावर रोपवाटिकेची खूण माण नदीच्या पात्रात पडलेली होती, ती रानात आणली. जागा खरी आहे हे पटवायला तेव्हा एक पोस्टकार्ड यायचं, त्यावर आकडे असायचे. ते कार्ड तीन आठवड्यांनी मु.पो.सकट बरोबर आलं. मला अजूनही या सगळ्या कारभारातला सगळ्यात भरवशाचा माणूस पोस्टमनच वाटतो.

पुढच्या हंगामात रोपवाटिकेचा मालक एका सकाळी मोटरसायकलवरून घरी आला. हातात पेढे. आबा अंगणात दाढी करत होते. तो म्हणाला, "बनासकांठ्यासनं गाडी आलीया. गुजरात. दोन हजार रोपं न्हेणार."

आबांनी वस्तरा खाली ठेवला. "त्येला कुणी सांगितलं तुझं नाव?"

"कुणी न्हाई. फोनवर हुडकलं त्येनं. तुमच्या पोरानं लिवलंय की सगळं."

मालक गेल्यावर आबांनी मला ते पान वाचून दाखवायला लावलं. सगळं. तेल्याची ओळखण आली तिथं ते म्हणाले, "ह्ये तर मीच सांगितलेलं." व्हय, म्हणालो. मग अर्धी दाढी तशीच ठेवून बराच वेळ बसले. "म्हंजी तिकडच्या माणसाला काय पायजे, ती त्येच्या तोंडानं वळखायचं. आन हिकडच्याचं खरं असंल ती त्येला दावायचं."

त्या गुरुवारी आम्ही दोघं सोसायटीत गेलो. चेअरमननं विचारलं, पैसे कुठले. आबा म्हणाले, "पोराचं. वळख काढून द्यायचं काम करतंय." पावती त्यांनी स्वतः खिशात घातली.

आता हा धंदा पुन्हा हलतो आहे. २०२२ च्या शेवटाला चॅटजीपीटी आलं. आता सर्च इंजिनंही स्वतःच उत्तर लिहून पानाच्या डोक्यावर ठेवतात. गोठलेल्या पाइपावर कोमट पाणी ओता, उकळतं नको, हे आता वरच लिहून येतं. पुढं पानावर कुणी यायचं कारण उरत नाही. ज्यांचा धंदा नुसत्या माहितीवर चालायचा, अशी माझी गिऱ्हाइकं सुटली. सहाची तीन झाली. बायकोनं पहिल्या भेटीत विचारलेला सहा महिन्यांचा हिशेब दोनदा कामाला आला. या धंद्यात यायचं का, असं शिकलेली पोरं विचारतात. मी त्यांना आधी विचारतो, सहा महिने दम धरेल असं काही घरी आहे का? नसेल तर नोकरी धरा आणि रात्री हे शिका. पोरांना हे आवडत नाही. त्यांना कोर्स हवा असतो.

लीड्सचा बाप निवृत्त झाला, लेक अजून माझ्याकडं आहे. उत्तर यंत्र देतं, पण बंब दुरुस्त करायला माणूसच लागतो, आणि तो माणूस जवळचा आणि भरवशाचा आहे का, हे लोक अजून विचारतातच. रोपवाटिकेचा फोनही वाजतो. तेल्या आणि मर यातनं ज्यांच्या बागा गेल्या ते पुन्हा लावायचं म्हणतात, आणि पुन्हा लावणाऱ्याचे प्रश्न पहिल्यांदा लावणाऱ्यासारखे नसतात.

त्या फोनवर सकाळच्या वेळी आबा बसतात. मालकानंच बोलावलं, पगार घेत नाहीत. दुपारी भाकरीला आले की मी वही काढतो आणि विचारतो, आज कुणी नवीन काय विचारलं. परवा आटपाडीकडून एकाचा फोन होता. त्याची जमीन वर मिठाचा पांढरा थर येणारी. पुस्तकात हिला क्षारपड म्हणतात, आमच्या पानावरही मी तेच लिहून ठेवलं होतं.

"त्यो काय म्हणला, त्येच्याच शब्दांत सांगा," मी म्हणालो.

"त्यो म्हणला, रान फुललंय माझं. फुलल्याल्या रानात डाळिंब जगतंय का?"

मी ते तसंच वहीत लिहून घेतलं.